विहीणबाई घर बघायला येतात

टँकरचा हॉर्न वाजला आणि आमचं अख्खं शिबिर कामं टाकून पळालं.

फावडी चिखलात उभीच राहिली. हणमंत खाड्याच्या डोक्यावर गाळाचं घमेलं होतं. ते त्यानं भर रस्त्यात उलटं केलं आणि रिकामं घमेलं घेऊन धावत सुटला. मुलींनी दिसेल त्या घरात शिरून दिसेल ते भांडं उचललं. मीही एका ओट्यावरची पितळी घागर काखेला मारली, पुढचा नंबर पकडला आणि मधे घुसणाऱ्या हणमंताला कोपरानं बाहेर काढलं.

"मी आधी आलोय!"

"मग भांडं दाव. घमेलं धरतात व्हय कुणी टँकरला?"

बघता बघता रांग लागली, रांगेत भांडणं लागली, आणि टँकरचा ड्रायव्हर पाईप हातात धरून नुसता बघत राहिला.

भोगाईवाडीची माणसंही दारादारांत उभी राहून आमच्याकडे बघत होती. त्यांचं गाव नुकतंच कृष्णेच्या पुरातून वर आलं होतं. विहिरीत पाणी, ओढ्यात पाणी, उसात पाणी, शाळेच्या कपाटातसुद्धा पाणी. हा टँकर घरं धुवायला आणलेला होता. त्यासाठी जीव तोडून पळायचं असतं, हे त्या गावाला ठाऊकच नव्हतं.

"ही पोरं चिखल काढाय आल्यात का पाणी न्ह्याय आल्यात?" एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आन माझी घागर कुणी उचलली गं?"

मी घागर खाली ठेवली.

आमचे लोखंडे सर शिट्टी फुंकत आले. सर अर्थशास्त्र शिकवायचे आणि कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना सांभाळायचे. दुष्काळी माणदेशातली पोरं पूरग्रस्तांच्या मदतीला न्यायची, ही कल्पना त्यांचीच. पेपरात कोणता मथळा यावा तेही त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. आता त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"लाज आणली!" सर म्हणाले. "शिबिराचं ब्रीदवाक्य काय आहे?"

"नॉट मी, बट यू," आम्ही एका सुरात म्हणालो.

"मग?"

"मग आता यू धर," हणमंत मला म्हणाला आणि घमेलं माझ्या हातात दिलं. त्या ब्रीदवाक्याचा त्याला आठवडाभर हाच उपयोग झाला. घमेलं उचलायची वेळ आली की तो ते मोठ्या श्रद्धेनं म्हणायचा.

खरं सांगायचं तर दोष आमचा नव्हता. आम्ही जन्मल्यापासून टँकरमागे पळालेलो. आमच्याकडे हॉर्न ऐकला की माझी आई तव्यावरची भाकरी तव्यावर सोडते आणि पळते. सवय पायांत असते, डोक्यात नसते. पण याच सवयीनं पुढे आम्हाला चांगलंच तोंडघशी पाडलं, आणि तेही त्याच घागरीवाल्या बाईच्या घरात.

तिचं नाव बायक्का. सरांनी तिचं घर मला आणि हणमंताला दिलं. पुढचं घर, मधली खोली, मागं चूल, खाली शहाबादी फरशी. घरात गुडघाभर गाळ होता आणि त्या गाळात तिचा संसार रुतून बसला होता. अर्धी मांडणी, एक चप्पल, फुगलेली कणगी. तिचे मालक शामराव दारातच बसलेले असत. बायको काही बोलली की "व्हय" म्हणायचं, एवढंच काम ते करत होते आणि ते मन लावून करत होते.

"मला शुक्रवारच्या आत घर पायजे," बायक्का म्हणाली.

"मावशी, आम्ही रविवारपर्यंत आहोत की," मी म्हणाले.

"रविवारी काय करू त्येला? शुक्रवारी विहीणबाई येनार हायत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझी वनिता पैलटकरीण हाय. आठवा लागलाय. पैलं बाळातपण म्हायेरात व्हाय पायजे का नगं? आन तिकडनं निरोप आलाय. मी सोता पोरीला घिऊन येतो, घर बघतो, आन मग काय ते ठरवतो. कळलं का?"

"ठरवायचं काय त्यात?" हणमंतानं विचारलं.

"ठिवायची का परत न्ह्यायची, ते! वल्लं घर बघितलं की फिरवली गाडी माघारी. लई कडक बाई हाय. लग्नात मांडवाचा खांब वाकडा हाय म्हनून परत रवाय लावला हुता तिनं."

"व्हय," शामराव म्हणाले.

"सगळं गेलं माझं," बायक्का एकदम हळू बोलली. "अंथरूण गेलं, भांडी गेली, शेरडं गेली. त्येचं मी रडलो न्हाई. पर लेकीचं बाळातपण तेवढं माझं मला ऱ्हाऊ दे."

हणमंतानं फावडं उचललं, आणि त्या दिवशी ब्रीदवाक्य काही म्हटलं नाही.

गाळ आम्ही उपसला. त्यात आमची काही चूक नव्हती. माणदेशी माणूस माती उपसायला हार जात नाही. चूक झाली ती धुताना.

बायक्का दिवसभर वरच्या आळीत हिंडत होती. वरची आळी टेकाडावर, तिथं पाणी चढलं नव्हतं. तिथून कुणाची बाज, कुणाची भांडी, कुणाच्या गोधड्या असं तिचं मागून आणणं चाललं होतं. जाताना ती आम्हाला सांगून गेली, "भरपूर पाणी वता. टँकर भरून पाणी हाय. फरशी खळखळून धुवा."

खळखळून! आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हणमंतानं दोन बादल्या आणल्या. एका बादलीत फडकं भिजवून आम्ही पुढचं घर पुसलं. तेच पाणी निवळू दिलं आणि वरच्या पाण्यानं मधली खोली पुसली. उरलेल्यात उंबरा धुतला. तरीही तळाला पाणी शिल्लक होतं, ते मी फेकणार तेवढ्यात हणमंत ओरडला, "अगं ए! पाय धुवायला व्हईल की!" मग आम्ही त्यात पाय धुतले. दुसरी बादली आम्ही चुलीच्या खोलीला पुरवली आणि त्यातलंही निम्मं पाणी वाचवून झाकून ठेवलं.

लोखंडे सर पाहणीला आले. ओली फरशी काळीभोर चमकत होती.

"एवढं घर किती पाण्यात झालं?"

"दोन बादल्यांत, सर. अर्धी शिल्लक हाय."

सरांचा ऊर भरून आला. त्यांनी इतर गटांना बोलावून आमची फरशी दाखवली आणि संसाधनांच्या काटकसरीवर छोटं भाषण दिलं. गावातली दोन माणसंही उभी होती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "ही पुसल्या का चाटल्या रं?"

फरशी वाळली तशी थोडी पांढुरकी दिसू लागली. आम्हाला वाटलं, शहाबादी अशीच असते. आमच्या घरी शेण-मातीची जमीन, आम्हाला काय माहीत?

आता राहिली भिंत. पाणी जिथवर चढलं होतं तिथं माणसाच्या छातीइतक्या उंचीवर सगळीकडे तपकिरी रेघ उमटली होती. चुना मारला, तरी सकाळी रेघ पुन्हा वर आली. दुसरा हात दिला, ती पुन्हा आली. समोरच्या भिंतीवर तर पोपडे उठून मोठा डाग पडला होता, आणि दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर त्यावरच जाणार होती.

"फोटो लावू," हणमंत म्हणाला. "मोठा. रुंद फ्रेमचा."

"इतक्या खाली? छातीच्या उंचीला?"

"मान वाकवायला लागती. म्हंजी मान दिल्यासारखं हुतंय."

तो वरच्या आळीत गेला आणि एक भला मोठा फोटो पाठीवर मारून आला. फेटा, झुपकेदार मिशा, हातात काठी. कुणीतरी करारी म्हातारा. "कुणाचाय?" मी विचारलं. "पाटलांच्यातल्या सूनबाईनं दिला. म्हनाली, न्ह्या, संध्याकाळी आना." फोटो डागावर बरोब्बर बसला. पण एवढी रुंद फ्रेम आणि हाराविना मोकळा फोटो काही शोभेना. म्हणून हणमंतानं देवळातून प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार आणला आणि फोटोला घातला. मी हळदीकुंकू लावलं. बायक्का घाईत होती, तिनं बघितलं आणि म्हणाली, "झ्याक."

शुक्रवारी दुपारी जीप आली.

आधी उतरल्या विहीणबाई. हौसाबाई त्यांचं नाव. काटकुळ्या, उंच, नऊवारीचा काष्टा पक्का, आणि नजर अशी की माझा हात आपोआप ओढणीवर गेला. मग हात धरून त्यांनी वनिताला उतरवलं. ती बिचारी आईला बघून हसली आणि गल्लीला बघून रडायला लागली. मग ड्रायव्हरनं टपावरून दोन मोठी गाठोडी खाली टाकली.

"ती असू द्या तिथंच," हौसाबाई म्हणाल्या. "आधी घर बघतो."

गाठोडी रस्त्यात राहिली. बायक्काच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

पाय धुऊन हौसाबाई आत आल्या. बायक्कानं पाटलांची बाज पुढं केली, त्यावर गोधडी झटकली. "बसा."

"मी खालीच बरी," म्हणत त्या फरशीवर मांडी घालून बसल्या. मी चहा दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं नाही. त्या भिंतीकडे बघत होत्या. चुन्याकडे, कोपऱ्यांकडे, आढ्याकडे. मग नजर फोटोवर येऊन थांबली.

"हे कोन म्हनायचं?"

"आमचं चुलत सासरं," बायक्का म्हणाली.

त्याच वेळी शामराव म्हणाले, "मामा."

आयुष्यात पहिल्यांदा "व्हय" सोडून दुसरा शब्द बोलायला त्यांनी हीच वेळ निवडली होती.

"ह्यांचं मामा आन माझं चुलत सासरं," बायक्का म्हणाली. "नात्यातलंच लगीन न्हवं आमचं."

"कधी वारलं?"

"झाली की धा-बारा वर्सं."

"लगीनात तर बघितल्यागत वाटतंय," हौसाबाई म्हणाल्या.

आणि त्याच वेळी दारात काठी वाजली. "शामू, विहीणबाई आल्या न्हवं? म्हनलं राम राम करावा," असं म्हणत फेटा, झुपकेदार मिशा आणि काठी आत आली. ज्ञानू आबा पाटील. त्यांनी हौसाबाईंना हात जोडले. मग समोर बघितलं. हार बघितला, हळदीकुंकू बघितलं. हात जोडलेलेच राहिले.

हणमंत माझ्या मागं सरकला आणि कानात पुटपुटला, "नॉट मी."

"मी कवा मेलो?" आबांनी विचारलं.

"धा-बारा वर्सं झाली," हौसाबाई म्हणाल्या.

वनिता फसकन हसली आणि तिनं तोंडावर पदर धरला. हौसाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, फोटोपाशी गेल्या आणि त्यांनी तो खिळ्यावरून काढला. मागचा डाग उघडा पडला. चुना ओला होऊन पोपड्यांतून गळत होता. आणि त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या तेव्हा आम्हाला दुसरी गोष्ट दिसली. त्यांच्या हिरव्या लुगड्याचा मागचा भाग पांढराफटक झाला होता. आमच्या दोन बादल्यांच्या फरशीवर पुराचा गाळ जसाच्या तसा होता. आम्ही तो नुसता सारखा पसरून वाळवला होता.

त्यांनी लुगडं झटकलं. धुरळा उठला. वनिताला शिंक आली.

"फरशी कुनी धुतली?"

"आम्ही," मी म्हणाले.

"ही भांडी कुनाची?"

बायक्कानं कपबशी मागं सरकवली.

"आन ही बाज?"

"आमची," ज्ञानू आबा म्हणाले. "मी मेल्यावर दिली आसंल."

मग बायक्काचा बांध फुटला. ती मटकन खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "व्हय, सगळं मागून आनलंय. बाज मागून आनली, कपबशी मागून आनली, हेनला जित्तं भितीवर टांगलं. माझं काय ऱ्हायलंच न्हाई तर दावू काय? घर वल्लं हाय. गाळ हाय. न्ह्या तुमच्या सुनंला. मी काय म्हननार न्हाई. पर मी खोटी हाय म्हनून न्हेऊ नगा. घर वल्लं हाय म्हनून न्ह्या."

"आई," वनिता म्हणाली.

मला रडू फुटलं. इतके दिवस त्या बाईच्या घरात राबलो, आणि ऐन वेळी तिचं नाक आम्हीच कापलं होतं.

हौसाबाईंनी फोटोवरचा हार काढला, फोटो आबांच्या हातात दिला आणि हार कोपऱ्यात ठेवला. मग बायक्कासमोर खाली बसल्या, त्याच धुरळ्यात.

"माझं म्हायेर धरनात गेलं, ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

"ऐकलंय."

"वनिताच्या नवऱ्याच्या येळंला माझा आठवा लागला आन तिकडं गाव उठलं. आई-बा दोगं पत्र्याच्या शेडात. सासू म्हनली, शेडात कोन पाठवतंय बाळातपनाला? न्हाई पाठवलं. आई माझी दारात आली. सासूनं आत घेतलं न्हाई. मी सोप्यावरनं बघतोय. डिंकाचं लाडू दिलं, उंबऱ्याभायेरनं माझ्या तोंडाकडं बघितलं आन गेली माघारी." त्यांनी नाक शिंकरलं. "त्या लाडवाला पत्र्यागत वास येत हुता. मी समदं खाल्लं."

ज्ञानू आबा स्वतःचा फोटो छातीशी धरून उभे होते.

"मी घर बघतो म्हनलं ते कशापाय? घर बाळतिनीला चालंल असं हाय, का मला येऊन करून घ्याय पायजे, ते बघाय. करून घ्याय पायजे. दिसलं. आता मी हितंच ऱ्हातो." मग दाराकडे तोंड करून त्या ओरडल्या, "अरं ए ड्रायव्हर, दोनी गाठुडी आत आन! त्यातलं एक माझं हाय!"

बायक्कानं डोक्यावरचे हात काढले. "म्हंजी? तुमी हितं?"

"वली भिताडं. शेगडी ठिवाय पायजे, धुरी द्याय पायजे. तुमी एकटी काय काय करशिला? बाळ सव्वा म्हैन्याचं झालं की जातो मी."

"सव्वा म्हैन्याचं?" बायक्का म्हणाली.

"व्हय," शामराव म्हणाले.

हौसाबाईंनी काष्टा आणखी वर खोचला आणि आमच्याकडे वळल्या. "आन तुमी दोगं. कुठलं म्हनायचं?"

"माणदेशातले," हणमंत म्हणाला.

"तरीच. पान्याला काय भ्यायचं? टँकर कुठाय?"

त्यानंतर त्या घरात जे पाणी वाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. हौसाबाईंनी सगळं शिबिर कामाला लावलं. टँकर दाराशी आणून पाईप आत सोडला. पाणी फरशीवरून, उंबऱ्यावरून, गल्लीतून भळाभळा वाहत गेलं. "वत! आजून वत!" त्या खराटा आपटत ओरडत होत्या. हणमंतानं डोळे मिटून बादली ओतली. लोखंडे सर समोरच्या ओट्यावर पँट वर करून उभे होते आणि वाहत्या पाण्याकडे बघून सारखे "अरेरे, अरेरे" म्हणत होते. गाळाचं पाणी आधी मातकट आलं, मग दुधी, आणि अखेरीस नितळ. खाली फरशीचा खरा रंग दिसला. निळसर होती ती. आम्ही जिला शहाबादी म्हणून नावाजत होतो ती फरशी आम्ही तोवर पाहिलीच नव्हती.

रविवारी आमची गाडी निघाली. सामान चढवलं, हजेरी झाली, सरांचं समारोपाचं भाषण झालं. तेवढ्यात बायक्का पळत आली. तिनं सरांचा हातच धरला.

"सर, आजून चार दिस ऱ्हावा की."

"अहो मावशी, तुमचं घर झालं ना? छान झालं."

"घर झालं वं. पर मला एकटीला त्या बाईसंगट टाकून कुठं चाललायसा? काल माझं मीठ हलवलं. आज देव हलवलं. सकाळपासनं सांगती, ह्ये तिकडं ठेव, त्ये हिकडं ठेव!"

सर काही बोलणार, एवढ्यात घरातून हौसाबाईंचा खणखणीत आवाज आला. "बायक्का! बाज ह्या कोपऱ्यात घेतो मी!"

बायक्कानं सरांचा हात सोडला आणि गर्रकन वळली. "अजिबात न्हाई! त्या कोपऱ्यात वारं लागतंय! माझ्या घरात बाज खिडकीखालीच असती!" आणि ती तशीच तणतणत आत गेली.

मग जे भांडण सुरू झालं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. दारादारांतून बायका बाहेर आल्या. पूर आल्यापासून या गल्लीत सगळे हळू आवाजात बोलायचे, कुणाच्या घरी कुणी मेल्यासारखे. भांडण असं कुणी केलंच नव्हतं. मला का कोण जाणे, हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. माझ्या आईला माझ्या बाळंतपणाला असं कुणाशी भांडायला मिळावं, असं वाटून गेलं.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. सर म्हणाले, "थांब जरा."

आतून बाज फरशीवर सरकल्याचा आवाज आला. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. "सासरी तुमचं चालवा, ह्ये म्हायेर हाय तिचं!" बायक्का ओरडली. "म्हनून तर आलोय मी!" हौसाबाई ओरडल्या. आणि मग त्या दोघींच्याही वर वनिताचा आवाज चढला,

"आगं, आधी मला बसू तरी द्या दोगी! बाळात मी हुनार हाय!"